सूड, परतफेड आणि दाद

मागील सहामाहींत आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांमध्यें एका कंपासपेटीवरून तंटा झाला. एकानें दुसऱ्याची पेटी थट्टेनें मैदानाच्या कडेला दडवून ठेवली. रात्रीं पाऊस पडला व आंतील कर्कटक गंजून गेला. दुसऱ्यानें पुढच्याच आठवड्यांत पहिल्याची भूगोलाची वही, वर्षभर काढलेल्या नकाशांसह, पाण्याच्या टाकींत बुडविली. घडल्या प्रकाराची हकीकत इंग्रजींत लिहून आणण्यास आम्हीं दोघांनाहि सांगितलें. हेतु इतकाच कीं, परकी भाषेंत लिहितांना मनुष्य अंमळ सावकाश विचार करतो. वही बुडविणाऱ्यानें लिहिलें कीं, त्यानें आपल्या कंपासपेटीला 'अव्हेंज' केलें. दुसऱ्यानें लिहिलें कीं, हा उघड उघड 'रिव्हेंज' आहे, सबब आपणहि लवकरच 'रिटॅलिएट' करणार आहों. शब्द दोघांनींहि कोशांतून शोधून काढले होते, आणि कोशांत तिन्ही ठिकाणीं 'सूड घेणें' हाच अर्थ दिलेला होता. मग आम्ही चुकलों कोठें, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर एका तासांत देतां आलें नाहीं, म्हणून तें आम्ही येथें विस्तारानें देत आहों. पालकांनींहि तें वाचावें अशी आमची इच्छा आहे; कारण हा प्रश्न वरवर पाहतां इंग्रजी व्याकरणाचा दिसला, तरी त्याचीं मुळें आपल्या घरांत, आपल्या शेताच्या बांधांत आणि जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत घडलेल्या इतिहासांत आहेत. एखाद्यानें आपलें वाईट केलें असतां आपण उलट जें करतों त्याला कोणतें नांव द्यावें, हें ठरविणें म्हणजे आपल्या वर्तनाचा आपणच न्याय करणें होय.

प्रथम इंग्रजी शब्द पाहूं. 'रिव्हेंज' हें मुख्यतः नाम आहे. तो घ्यावयाचा असतो, आणि ज्याचा अपमान झाला तोच बहुधा तो घेतो. अपमान माझा, राग माझा आणि हातहि माझाच, असा या शब्दाचा भाव आहे. त्यांत न्याय असेलच असें नाहीं. रागाचें समाधान मात्र असतें. 'अव्हेंज' हें केवळ क्रियापद, आणि त्याचें कर्म शत्रु नसून ज्याच्यावर अन्याय झाला तो मनुष्य, किंवा तो अन्याय, हें असतें. मुलगा मारल्या गेलेल्या बापाला 'अव्हेंज' करतो, मारेकऱ्याला नव्हे. विद्यार्थी येथें हटकून चुकतात. 'मीं शत्रूला अव्हेंज केलें' असें ते लिहितात, आणि अर्थ असा होतो कीं, शत्रूवर झालेल्या अन्यायाबद्दल हे महाशय दुसऱ्याच कोणाशीं लढले! आमच्या विद्यार्थ्याचें वाक्य या दृष्टीनें शुद्ध होतें. त्यानें फक्त एका गंजलेल्या कर्कटकाला हुतात्म्याची पदवी देऊन टाकली होती.

या दोन्ही शब्दांना समान असें नाम म्हणजे 'व्हेंजन्स'. हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आले. त्या मुळाचा एक अर्थ 'हक्क सांगणें' असा होता. आणि त्याच घराण्यांत 'व्हिंडिकेट', म्हणजे निर्दोष ठरविणें, हाहि शब्द आहे. आज ज्या शब्दाला रक्ताचा वास येतो त्याचा पूर्वज हक्क सांगणारा होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

वर सांगितलेला भेद वज्रलेप आहे असें मात्र समजूं नये. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकांत बापाचें भूत मुलाला आपल्या खुनाबद्दल शत्रूचा समाचार घ्यावयास सांगतें तेव्हां तें 'रिव्हेंज' हेंच क्रियापद वापरतें. आजचा व्याकरणकार तेथें 'अव्हेंज' सुचवील. या नाटकाचें आगरकरांनीं मराठी भाषांतर केलें व त्याला 'विकारविलसित' असें नांव दिलें. नांव मार्मिक आहे. बापाला न्याय मिळवून देण्यास निघालेला तरुण विकारांच्या भोंवऱ्यांत सांपडतो आणि शेवटीं ज्यांचा अपराध नाहीं तींहि माणसें प्राणांस मुकतात. महाभारतांतला अश्वत्थामाहि द्रोणाचार्यांच्या वधाबद्दलच पेटून उठला होता; परंतु त्यानें रात्रीं शिबिरांत शिरून मारले ते द्रौपदीचे झोंपलेले मुलगे. प्रारंभ 'अव्हेंज' या शब्दानें झाला, शेवट 'रिव्हेंज' या शब्दानेंहि झांकतां येणार नाहीं असा झाला.

आतां 'रिटॅलिएट'. या क्रियापदाला असें कर्म लागत नाहीं. 'मीं त्याला रिटॅलिएट केलें' ही रचना अशुद्ध होय. याच्या पोटांत 'तसा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, म्हणजे आपलें 'जशास तसें' तेथें अक्षरशः बसलेलें आहे. या शब्दांत रागापेक्षां मापाला महत्त्व. सुमारें इसवी सनापूर्वीं १७५० या काळांतील बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत, आणि पुढें बायबलांतील जुन्या करारांतहि, डोळ्याबद्दल डोळा हा नियम आढळतो. आज तो आपल्याला क्रूर वाटतो. परंतु त्यांत एक मर्यादाहि होती: एका डोळ्याबद्दल एकच डोळा, दोन्ही नव्हेत, आणि घरदार जाळणें तर नव्हेच. रागाला माप लावण्याचा मनुष्यजातीचा तो एक प्राचीन प्रयत्न होय. त्याचा दोष असा कीं, माप कोणाच्या हातांत असावें हें रागावलेल्या दोघांपैकीं प्रत्येकजण आपल्यापुरतें ठरवितो, आणि स्वतःची जखम प्रत्येकाला थोडी मोठीच दिसते.

'रिप्रायझल' हा शब्द बहुधा राज्यांच्या किंवा फौजांच्या संबंधांत व पुष्कळदां अनेकवचनीं येतो. त्याचा मूळ अर्थ 'परत घेणें'. पूर्वीं युरोपांत परराज्यांतील लोकांनीं एखाद्या व्यापाऱ्याला लुटलें व तेथें त्याला न्याय मिळाला नाहीं, तर त्याचा राजा त्याला परवाना देई. मग तो व्यापारी त्या राज्यांतील कोणाहि प्रजाजनाचा माल जप्त करून आपलें नुकसान भरून काढी. म्हणजे अपराध एकाचा, भरपाई दुसऱ्याची! 'रेट्रिब्यूशन' याहून निराळा. तो सहसा वैयक्तिक रागाचा शब्द नव्हे. केल्या कर्माचें उचित फळ न्यायासनाकडून किंवा परमेश्वराकडून मिळतें तेव्हां तो शोभतो. 'रिक्वाइट' या क्रियापदाचा विशेष असा कीं, तें अपकाराप्रमाणेंच उपकारालाहि लागतें; आपण उपकार फेडतों तसेंच. बाकी 'गेट ईव्हन', 'गेट बॅक ॲट', 'पे बॅक' हीं बोलण्यांतलीं रूपें निबंधांत घालूं नयेत.

इतके शब्द पाहिल्यावर कोणास वाटेल कीं, इंग्रजी भाषा या बाबतींत श्रीमंत आणि आपली दरिद्री. तसें मुळींच नाहीं. 'सूड' आहेच, पण मनांत जपून ठेवलेल्या वैराला आपण 'डूख' म्हणतों, आणि तो सापाचा असतो. मागच्या वर्षीं हरलेला खेळाडूंचा संघ यंदा जिंकून 'वचपा' काढतो. त्यांत कोणाचें रक्त सांडत नाहीं. 'उट्टें' काढणाराचा राग त्याहून थोडा कडवट असतो. 'पारिपत्य' करावयास अंगीं सत्ता लागते, म्हणूनच जुन्या मराठी राजपत्रांत हा शब्द वारंवार भेटतो. गांवांतला दुबळा मनुष्य कोणाचें पारिपत्य करीत नसतो. 'खोड मोडणें' यांत समोरच्याची वाईट संवय जावी हा हेतु तरी असतो. 'जिरविणें' यांत तेवढाहि नसतो. हे शब्द आपल्या आज्यांच्या तोंडीं आहेत. कोशानें तिन्हींसमोर 'सूड' लिहिलें तो कोशाचा संक्षेप. आपण त्यावरच थांबतों ही आपली घाई.

एका ठिकाणीं मात्र आपल्या भाषेंत घोटाळा होतो, तो सांगितला पाहिजे. 'त्यानें बापाचा सूड घेतला' या वाक्यानें बापाच्या वतीनें घेतला कीं बापावरच उगविला, हें कळत नाहीं. इंग्रजींत दोन क्रियापदें असल्यामुळें हा संशय उरत नाहीं. मराठींत 'बापाच्या वधाचा सूड' असें स्पष्ट करावें लागतें. भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें जपून पाऊल टाकावें.

आणखी एक गोष्ट दोन्ही भाषांत सारखी आहे आणि ती आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते. हे शब्द पाहतां पाहतां आपण रणांगणावरून दुकानांत येतों. आपण म्हणतों 'परतफेड', 'हिशेब चुकता केला', 'व्याजासह वसूल केलें'. 'बदला' हा अरबींतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ अदलाबदल. इंग्रज म्हणतात 'पे बॅक' आणि 'जुना स्कोअर चुकविणें'. हा 'स्कोअर' म्हणजे उधारी मोजण्यासाठीं काठीवर पाडलेली खांच. मनुष्याला अपकार हा कर्जासारखा वाटतो, आणि आपण धनको आहों अशा भावनेनें तो वसुलीला निघतो. आतां आपल्याच डोंगरांत असा एक काळ येऊन गेला कीं, ज्या वेळीं ही उपमा उपमा राहिली नाहीं: कर्ज खरें होतें, खातें खरें होतें, आणि सूडहि खरा होता.

तत्पूर्वींची एक गोष्ट ओझरती सांगतों. शिवनेरीवर ज्याला कोळी चौथरा म्हणतात तो आमच्या विद्यार्थ्यांनीं सहलींत पाहिलेला आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास, जुन्नर प्रांत मोंगलांच्या ताब्यांत असतां, डोंगरांतील महादेव कोळ्यांनीं बंड केलें. तें मोडून पुष्कळ कैद्यांना येथें आणून त्यांचीं मस्तकें उडविण्यांत आलीं आणि त्यांवर हा चौथरा बांधला गेला, असें सांगतात. मोंगल सरदारानें याला पारिपत्य म्हटलें असेल. पण ज्या कृत्याचा हेतु अपराध्याला शासन करणें हा नसून साऱ्या जमातीला दहशत बसविणें हा असतो, त्याला 'रेट्रिब्यूशन' म्हणतां येत नाहीं. तेथें 'रिप्रायझल' हाच शब्द खरा. सत्ताधीशानें स्वतःच्या कृत्याला दिलेलें नांव इतिहासलेखकानें तसेंच उचलूं नये.

यानंतर सव्वादोनशें वर्षांनीं, १८७३ सालीं, आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीचा होनाजी केंगले, ज्याला सरकारी कागद 'होन्या' म्हणतात, त्यानें आपली टोळी उभारली आणि सावकारांवर हल्ले चालविले. एखाद्या विशिष्ट सावकाराशीं त्याचें भांडण होतें असें नव्हे. सावकार म्हणून जो जो, तो तो त्याचा शत्रु. कित्येकांचीं नाकें कापलीं गेलीं असें सांगतात. १८७४ व १८७५ या वर्षीं तो येत आहे म्हटल्याबरोबर सावकार गांव सोडून पळत. त्याला पकडून देणाऱ्यास सरकारनें एक हजार रुपयांचें बक्षीस लावलें. शेवटीं १८७६ सालीं पोलीस अधिकारी मेजर डॅनियल यानें त्याला पकडलें.

या संतापाचें कारण काय होतें? सारा रोख भरावयाचा, पाऊस लहरी, आणि रोकड फक्त सावकाराच्या पेटींत. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव चढले तेव्हां दख्खनांत उधारी सढळ झाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, उधारी आटली आणि कर्जें मात्र राहिलीं. डोंगरांतल्या माणसाला वाचतां येत नव्हतें. कागदावर काय लिहिलें आहे हें न कळतां तो अंगठा देई, आणि न्यायालयांत तोच कागद त्याच्याविरुद्ध बोले. तो जें म्हणे त्याला पुरावा नव्हता. सावकार जें म्हणे तें लिहिलेलें होतें.

त्याच सुमारास, १२ मे १८७५ रोजीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं लोक सावकारांवर तुटून पडले, आणि दंग्याचें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. सुप्यास दुकानें-घरें लुटलीं गेलीं. पण पुष्कळ गांवीं असें दिसून आलें कीं, जमावाचा डोळा धनावर किंवा धन्याच्या जिवावर नव्हता. त्यांना हवे होते रोखे आणि खतें. सावकारानें कागद स्वाधीन केले म्हणजे बहुधा पुढें अत्याचार होत नसे. कागद घेत आणि जाळून टाकीत.

आतां शब्दांची परीक्षा येथें करावी. होनाजीनें केलें त्याला काय म्हणावें? सरकारनें त्याला दरोडेखोर ठरविलें. आज आपल्या तालुक्यांत त्याचें नांव आद्य क्रांतिकारकांत घेतलें जातें. जमीन गमावलेल्या कुळाला विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें कीं, यानें आम्हां सर्वांना 'अव्हेंज' केलें. ज्याचें नाक गेलें त्याच्या मुलानें 'रिव्हेंज' म्हटलें असतें. आणि 'रिटॅलिएशन'? सावकारानें कोणाचें नाक कापलें नव्हतें, तेव्हां जशास तसें हें माप येथें लागू पडत नाहीं असें प्रथम वाटतें. परंतु आपल्या भाषेंत नाक कापणें म्हणजे अब्रू घेणें, आणि जप्तीच्या दिवशीं सगळ्या गांवादेखत दारांतली गुरें सोडून नेलीं गेलीं त्या माणसाची अब्रू शिल्लक होती असें कोण म्हणेल? ज्याचें गेलेलें दिसत नव्हतें, त्यानें तें दिसेल अशा रीतीनें परत घेतलें. हें आम्ही समर्थन म्हणून लिहीत नाहीं. शब्द योजण्यापूर्वीं दोन्ही घरांत जाऊन यावें लागतें एवढेंच दाखवीत आहों.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर तें असें. होनाजीचा राग न्याय्य होता. कृत्याला मात्र 'रिव्हेंज' हाच शब्द लागतो, कारण तें कृत्य जवळ सांपडलेल्या माणसावर झालें. साऱ्याचा दर ठरविणारा पुण्या-मुंबईस होता, कागदालाच पुरावा मानणारें न्यायालय तालुक्यास होतें. नाक मात्र गांवांतल्या सावकाराचें गेलें, मग तो लबाड असो वा सरळ. सूड नेहमीं हाताला लागेल त्यावर उगवतो, मूळ कारणापर्यंत तो क्वचित् पोंचतो. सुप्याच्या परिसरांतील ज्या जमावांनीं केवळ कागद जाळले ते या दृष्टीनें एक पाऊल पुढें होते. त्यांनीं माणसाला सोडून त्या अन्यायाचें साधन पकडलें. पण कागद जाळल्यानें कर्ज खोटें होतें असें सिद्ध होत नाहीं, आणि नवा कागद लिहावयास सावकाराला एकच दिवस लागतो. म्हणून तेंहि अपुरें.

मग पुरें कोणतें? येथें आम्हांस असा एक शब्द सुचवावयाचा आहे कीं, जो त्या दोन विद्यार्थ्यांनीं कोशांत शोधलाच नव्हता. तो म्हणजे 'रिड्रेस'. त्याचा मूळ अर्थ वांकलेलें पुन्हां सरळ करणें. मराठींत त्याला 'दाद' हा फारसींतून आलेला सुंदर शब्द आहे; फारसींत 'दाद' म्हणजे न्यायच. दाद मागावयाची असते, आणि ती 'लागते' किंवा 'लागत नाहीं'. या शब्दाच्या पोटांत शत्रु नाहीं. सूड विचारतो, 'त्याचें काय करूं?' दाद विचारते, 'माझें जें गेलें तें कसें परत येईल?'

दंग्यानंतर सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू करण्यांत आला. त्यानें न्यायाधीशाला असा अधिकार दिला कीं, केवळ कागदावर न थांबतां त्यामागें जावें, मूळ रक्कम किती होती, फेड किती झाली, व्याज किती चढलें याचा इतिहास तपासावा. कर्जापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकणेंहि बंद झालें. या कायद्यानें दारिद्र्य गेलें नाहीं, आणि सावकारांनींहि पळवाटा शोधल्या. तरीहि ज्या गोष्टीसाठीं डोंगर पेटला होता, म्हणजे 'कागदाच्या मागें काय घडलें तें कोणीतरी ऐकावें', ती गोष्ट प्रथमच कायद्यांत आली. आरंभीं आम्हीं सांगितलें होतें कीं, 'व्हेंजन्स' या शब्दाच्या मुळाशीं 'हक्क सांगणें' हा अर्थ आहे. तो हक्क जेथें सांगतां येतो व ऐकिला जातो, तेथें त्याचें रूप दाद हें असतें. जेथें सारे दरवाजे बंद असतात, तेथें तोच हक्क रात्रीं सुरा घेऊन बाहेर पडतो. म्हणून सूड घेणाऱ्याला दोष देणाऱ्यानें प्रथम पाहावें कीं, त्याच्यासाठीं एखादा दरवाजा उघडा होता कीं नाहीं.

आज आमच्या वर्गांत, कर्ज घेणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्या, दोन्ही घरांचीं मुलें एका बाकावर बसतात. जुन्या गोष्टी सांगतांना आपण कोणता शब्द वापरतों यावर तीं मुलें एकमेकांकडे कोणत्या नजरेनें पाहतील हें अवलंबून आहे. म्हणून पालकांस आमची विनंति आहे. शेताच्या बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, भाऊबंदकीवरून घरांत बोलणें होतें तेव्हां मुलें ऐकत असतात. 'एक दिवस त्याची जिरवीन' हें वाक्य मूल एकदांच ऐकून पाठ करतें. त्या ऐवजीं 'याची दाद कोठें लागेल तें पाहूं' असें म्हणावें, आणि म्हणून थांबूं नये, खरोखर तसें करून दाखवावें. 'त्यानें मारलें तर तूंहि मार' असा उपदेश करून मुलाला शाळेंत पाठविणारे आईबाप त्याला जशास तसें शिकवितात असें त्यांना वाटतें; पण माप मुलाच्या हातीं असतें, आणि मुलाचें माप आपल्याहून लहान नसतें.

शिक्षकांवरहि यांत एक जबाबदारी येते, ती आम्ही नाकारीत नाहीं. वही बुडविणाऱ्या मुलाला आम्हीं एकान्तांत विचारलें कीं, पेटी गंजली तेव्हां तूं आमच्याकडे कां आला नाहींस. तो म्हणाला, "गुरुजी, आलों होतों. आपण म्हणालां, किरकोळ गोष्टी घेऊन येऊं नकोस." आम्हांस तें आठवत नव्हतें, पण तें खरें असावें. त्याच्या पुरता तो एकच दरवाजा होता आणि तो आम्हींच लावून घेतला होता.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेपुरतें इतकें ध्यानांत ठेवा: स्वतःच्या रागासाठीं 'रिव्हेंज', दुसऱ्यावरील अन्यायासाठीं 'अव्हेंज', मापास माप म्हणून 'रिटॅलिएट', राज्या-राज्यांत 'रिप्रायझल', कर्माच्या फळाला 'रेट्रिब्यूशन'. परंतु रागाच्या भरांत कांहीं करावयास निघालां असाल, तर यांतला कोणता शब्द आपल्या कृत्याला लागेल हें क्षणभर थांबून ठरवा. बहुतेक वेळां तेवढ्या वेळांत 'अव्हेंज' गळून पडेल, 'रेट्रिब्यूशन' तर लाजून जवळहि येणार नाहीं, आणि हातांत उरेल तो शब्द आपल्यालाच आवडणार नाहीं.

त्या दोघांचें पुढें काय झालें असें कोणी विचारील. त्यांना शिक्षा झाली नाहीं. वही भिजलेल्या मुलाला सर्व नकाशे पुन्हां काढावयाचे होते, आणि त्यासाठीं कंपासपेटी दोघांत एकच उरली होती, तिचाहि कर्कटक गंजलेला. पेटी दडविणाऱ्यानें त्याला घासून तेल दिलें. दुसरा नकाशांच्या चौकटी आंखीत बसला. शेवटच्या नकाशावर, पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस, घोडनदीच्या उगमाकडे त्यांनीं जांभोरी गांव ठिपक्यानें दाखविलें आहे. तो ठिपका अभ्यासक्रमांत नव्हता. परंतु आम्हीं त्याचे गुण कापले नाहींत.